उशीर नेमका कोठे होतो?

औंढा नागनाथ तालुका जैन बांधवांना शिरड शहापूर येथील भगवान मल्लिनाथांच्या अतिशय क्षेत्रामुळे पूर्वापार परिचयाचा आहे. अलीकडे याच तालुक्यातील दुधाळा परिसराचे नाव जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी आले आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा तेथे उभी राहत आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कोनशिला बसवली गेली.

वेधशाळा म्हटले की डोळ्यांसमोर दुर्बीण येते. या वेधशाळेला मात्र दुर्बीण नसते. तिच्या केंद्रस्थानी असतात एकमेकींशी काटकोन करून पसरलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या. अमेरिकेत हॅनफोर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे अशा दोन वेधशाळा आहेत. तेथील नळ्यांचा व्यास १.२ मीटर आणि पोलादी पत्र्याची जाडी अवघी ३ मिलिमीटर आहे. या नळ्यांतील हवा प्रथम उपसून काढण्यास सुमारे चाळीस दिवस लागले. आत उरलेला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या भागाइतका असतो. चार किलोमीटरच्या अंतरात पृथ्वीच्या गोलाईमुळे जमीन एक मीटरहून अधिक खाली झुकते. म्हणून जमिनीच्या वळणाबरोबर न जाता नळी खरोखरीच सरळ राहावी, असा हिशेब पाया भरतानाच करावा लागला. एवढ्या लांबीच्या सांध्यांत एक सूक्ष्म छिद्र राहिले तरी सारा खटाटोप व्यर्थ जाईल.

अशी कामे आज पोलादाला हात लावण्यापूर्वी संगणकाच्या पडद्यावर पूर्ण होतात. लायगोच्या नळ्या हे एक टोकाचे उदाहरण झाले. परंतु साखर कारखान्यातील वाफेच्या नळ्या, दूध संघातील शीतकरणाच्या नळ्या, औषधनिर्मितीच्या कारखान्यातील रसायनवाहिन्या आणि गावोगावच्या पाणीपुरवठा योजना यांचेही आरेखन आता संगणकावरच होते. या कामाला ‘पायपिंग डिझाइन’ म्हणतात. मराठवाड्यातील अनेक अभियंते आणि पदविकाधारक तरुण आज या व्यवसायात आहेत. त्यातील काही जण घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांसाठी काम करतात. त्यांच्या वाट्याला येणारी एक तक्रार वरवर क्षुल्लक वाटते. ती अशी की, संगणक फार हळू चालतो.

या तक्रारीचे मोल समजण्यासाठी हे आरेखन कसे असते, ते आधी पाहिले पाहिजे. कागदावर काढलेली नळी म्हणजे दोन रेषा. पायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र प्रत्येक नळी ही माहितीसाठ्यातील एक नोंद असते. तिचा व्यास, जाडी, धातू, तिच्यातून वाहणारा पदार्थ, तिच्यावरील उष्णतारोधक आवरण, तिचा क्रमांक, ती ज्या फ्लँजला जोडली आहे तो फ्लँज, हे सारे त्या नोंदीत असते. एक व्हॉल्व्ह फूटभर सरकवला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांची लांबी बदलते, साहित्याची यादी बदलते आणि कार्यशाळेत जाणारे आयसोमेट्रिक चित्रही बदलते. बँकेत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम गेली की खतावणीच्या कितीतरी रकान्यांत तिचे पडसाद उमटतात, तसाच हा प्रकार. पडद्यावर जे चित्र दिसते, त्याच्यामागे हिशेबाची वही सतत लिहिली जात असते. हळू चालते ते कधी चित्र, तर कधी ही वही. दोहोंतील भेद ओळखणे ही निदानाची पहिली पायरी होय.

हळू चालण्याने केवळ वेळ जातो असे नाही. प्रत्येक आज्ञेनंतर मिनिटभर थांबावे लागले की माणूस नकळत तपासण्या टाळू लागतो. नळी आणि तुळई एकमेकींत घुसत नाहीत ना, हे पाहणारी आदळतपासणी लांबणीवर पडते. शेजारच्या विभागाचे आरेखन उघडून पाहण्याचा कंटाळा येतो. पडद्यावरील चूक पुसायला क्षण पुरतो. तीच चूक कार्यशाळेत पोलाद कापून झाल्यावर उघडकीस आली, तर पुन्हा कापणे, पुन्हा जोडणे आणि पुन्हा तपासणे ओघानेच येते. दाबाखालील वाफेच्या नळीत राहिलेली चूक तर माणसाच्या जिवाशी गाठ घालते. त्यामुळे संथ संगणक ही अखेरीस सुरक्षिततेची बाब ठरते.

हिंगोली शहरातील एका जैन व्यापारी कुटुंबात काही काळापूर्वी हा प्रश्न असाच उभा राहिला. घरात हळद आणि धान्याचा व्यापार. धाकटा मुलगा यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन पुण्यातील एका आरेखन कार्यालयात लागला आणि टाळेबंदीनंतर घरूनच काम करू लागला. पहिली दोन वर्षे सुरळीत गेली. पुढे एका मोठ्या प्रकल्पाचे काम आले आणि त्याचा संगणक जणू रुसला. सकाळी आरेखन उघडायला नऊ मिनिटे लागत. एखादी नळी हलवली की पडदा गोठून राही. रात्री अकरापर्यंत बसूनही काम उरू लागले. एक दिवस पुण्याच्या ज्येष्ठ अभियंत्याने त्याच्या आरेखनातील एक व्हॉल्व्ह दाखवला. त्याचे हँडव्हील थेट तुळईत शिरले होते. तपासणी का केली नाही, या प्रश्नाला मुलाजवळ एकच उत्तर होते, “सर, ती सुरू केली की मशीन अर्धा तास अडकतं.”

त्याने नव्या संगणकाचे दरपत्रक मागवले. आकडा सव्वादोन लाखांच्या घरात गेला. हळदीचा हंगाम तोंडावर होता आणि दुकानाचे भांडवल मालखरेदीसाठी मोकळे ठेवणे भाग होते. वडील कर्ज काढण्याचा विचार करू लागले. नोकरी टिकवायची तर हा खर्च अटळ आहे, असे घरात जवळजवळ ठरलेच होते. तेव्हा दुकानाचा रोजमेळ आजही स्वतःच्या हाताने लिहिणाऱ्या आजोबांनी विचारले, “उशीर नेमका कुठं होतोय, ते पाहिलंस का?”

“आजोबा, सगळंच हळू चालतंय.”

“सगळंच असं काही नसतं. रोजमेळ जुळला नाही म्हणून सगळ्या वह्या चुकलेल्या नसतात रे. एखादी नोंद चुकलेली असते. ती आधी शोधावी लागते.”

आजोबांना संगणकातले काही कळत नव्हते, पण हिशेबातले सारे कळत होते. मुलाने त्याच रात्री पुण्यात संगणक प्रणालींचे काम करणाऱ्या थोरल्या बहिणीला फोन लावला. तिने सांगितलेला नियम साधा होता. “आधी घड्याळ लाव. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि काय झालं ते वहीत लिहून ठेव. दोन गोष्टी एकदम बदलल्यास, तर कशानं फरक पडला ते तुलाच कळणार नाही.”

“ताई, इतका वेळ कुठंय माझ्याकडं?”

“रोज चार तास वाट बघायला आहे ना? त्यातला एक मला दे.”

पहिली चाचणी कोऱ्या आरेखनाची. नवे आरेखन उघडून त्यात दहा-वीस नळ्या काढल्या, तर काम सपाट्याने झाले. म्हणजे यंत्र किंवा सॉफ्टवेअर मुळातच बिघडलेले नव्हते. दुसरी चाचणी जागेची. कार्यालयाच्या परवानगीने प्रकल्पाची एक प्रत, फक्त मोजमापासाठी, त्याच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवण्यात आली. नऊ मिनिटांत उघडणारे आरेखन आता अडीच मिनिटांत उघडले. यंत्र तेच, फाइल तीच. फक्त मधला रस्ता काढून टाकला होता. उशिराचा मोठा हिस्सा हिंगोलीतही नव्हता आणि पुण्यातही नव्हता. तो दोहोंच्या मधल्या वाटेवर होता.

येथे बहुतेकांची फसगत होते. इंटरनेट संथ आहे असे समजून शंभर एमबीपीएसची जोडणी दोनशेची करून घेतली जाते आणि तरीही फरक पडत नाही. कारण मोठी फाइल एकदाच आणणे वेगळे आणि हजारो छोटे प्रश्न एकामागून एक विचारणे वेगळे. पायपिंगचे सॉफ्टवेअर माहितीसाठ्याला सतत प्रश्न विचारत असते. या नळीचा व्यास किती, हा फ्लँज कोणत्या प्रतीचा, ही नोंद दुसरे कोणी बदलली का? एका प्रश्नाला जाऊन-येऊन चाळीस मिलिसेकंद लागतात असे धरले आणि प्रश्न पाच हजार असले, तर दोनशे सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून अधिक काळ नुसत्या येरझारांत जातो. सर्व्हर त्याच इमारतीत असता आणि एक मिलिसेकंद लागला असता, तर तेच काम पाच सेकंदांत आटोपले असते. रस्ता रुंद केल्याने हिंगोली ते पुणे हे अंतर कमी होत नाही.

यावरचा उपाय अंतराशी भांडण्याचा नव्हे. पुण्याच्या कार्यालयात, सर्व्हरच्या शेजारीच असलेल्या एका संगणकावर दुरून बसायचे ठरले. अशा व्यवस्थेत माहितीसाठ्याची सारी प्रश्नोत्तरे तिथल्या तिथे होतात. हिंगोलीपर्यंत येते ते केवळ पडद्याचे चित्र आणि पुण्याकडे जाते ती माउसची हालचाल. माहितीची फाइल दूरच्या जोडणीवरून थेट उघडण्यात आणखी एक धोका असतो. मधेच जोडणी तुटली तर नोंद अर्धवट राहण्याची आणि फाइल दूषित होण्याची भीती असते. ऑटोकॅड प्लांट थ्रीडीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये लहान प्रकल्पांची माहिती साध्या एसक्यूलाइट फाइलींमध्ये राहते. अनेकांनी मिळून काम करायचे असेल तर ती एसक्यूएल सर्व्हरवर ठेवण्याची सोय असते. किती माणसे आणि कोठून काम करणार, हे ठरल्यावर ही निवड करायची असते. अनेक ठिकाणी मात्र पहिल्या दिवशी जे मांडले गेले, तेच वर्षानुवर्षे चालू राहते.

वाटेचा प्रश्न सुटला, तरी अडीच मिनिटे शिल्लक होती. तिसरी चाचणी संदर्भ-आरेखनांची. त्याच्या आरेखनाला कारखान्याचे बांधकाम, विजेचे मार्ग, शेजारचे तीन विभाग, अशी कितीतरी आरेखने संदर्भ म्हणून जोडलेली होती. त्यांतील काहींनी पुन्हा एकमेकांना जोडून घेतले होते. एका कोपऱ्यातील पंपाची नळी काढण्यासाठी संपूर्ण कारखाना रोज उघडला जात होता. ज्या मजल्यावर काम चालू आहे तेवढाच भाग ठेवून बाकीचे संदर्भ तात्पुरते उतरवताच काम हलके झाले. तपासणीच्या दिवशी ते पुन्हा चढवायचे, एवढी आठवण वहीत लिहून ठेवली गेली.

तरीही एक आरेखन जड राहिलेच. शोध घेता त्यात पुरवठादाराने पाठवलेला पंप आढळला. पुरवठादाराने आपल्या कारखान्यात पंप बनवण्यासाठी काढलेले चित्र जसेच्या तसे पाठवले होते. त्यात प्रत्येक बोल्ट होता, बोल्टवरचे आटे होते, आतले बेअरिंग होते आणि बेअरिंगमधल्या गोळ्याही होत्या. पायपिंगवाल्याला पंपाचे बाह्य आकारमान, पायाची भोके, नॉझलची अचूक जागा आणि देखभालीसाठी लागणारी मोकळी जागा एवढेच हवे असते. असे आठ पंप त्या आरेखनात बसवलेले होते. त्यांच्या जागी साधे ठोकळेवजा आकार ठेवले. नॉझलची मापे मात्र मिलिमीटरपर्यंत पुन्हा पडताळून घेतली. पडदा फिरवताना येणारे झटके तेथेच थांबले.

मग आली साचलेल्या पसाऱ्याची पाळी. एका जुन्या प्रकल्पाचे आरेखन नक्कल करून नव्याचा आरंभ झाला होता. तो जुनाही त्याहून जुन्याची नक्कल होता. कोठेही न वापरलेले ब्लॉक, रिकामे थर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या रेषांचे प्रकार आणि मापनप्रमाणांच्या लांबच लांब याद्या असे पिढ्यान्पिढ्यांचे ओझे प्रत्येक फाइलीबरोबर वाहिले जात होते. अशा पसाऱ्याचा निचरा करण्यासाठी ‘पर्ज’ आणि फाइलीतील दोष तपासण्यासाठी ‘ऑडिट’ या आज्ञा ऑटोकॅडमध्ये असतात. बँकेतून निवृत्त झालेल्या कोणालाही ‘ऑडिट’ हा शब्द येथे भेटल्यावर आपला माणूस भेटल्यासारखे वाटेल. मात्र त्या वापरण्याआधी मूळ फाइलीची प्रत काढून ठेवणे अनिवार्य आहे. सफाईच्या उत्साहात कामाचे साहित्य फेकले गेले, तर तो दोष पसाऱ्याहून वाईट.

एक गमतीदार कारण भूगोलाचेही निघाले. त्यातील एका आरेखनात सर्वेक्षणाचे मूळ निर्देशांक जसेच्या तसे घेतले होते. अशा पद्धतीत उत्तरेकडील अंतर विषुववृत्तापासून मोजतात. हिंगोली विषुववृत्तापासून सुमारे २,१८० किलोमीटरवर आहे. तेच अंतर मिलिमीटरमध्ये लिहिले की २१८ कोटींचा आकडा होतो. इतक्या दूरच्या बिंदूवर उभे राहून तीन मिलिमीटरच्या पत्र्याचे चित्र काढायचे, तर ग्राफिक्स कार्डाच्या आकडेमोडीची अचूकता अपुरी पडते. मग रेषा थरथरतात आणि चित्र अडखळते. त्याऐवजी कारखान्याच्या एका कोपऱ्याला शून्य मानून तेथून मोजणे आणि सर्वेक्षणाशी असलेले नाते एका नोंदीत जपून ठेवणे, ही रूढ आणि सोयीची रीत आहे.

सर्वांत शेवटी पाळी आली यंत्राची. खरे तर सर्वांनी पहिला संशय त्याच्यावरच घेतला होता. टास्क मॅनेजर उघडून पाहता प्रोसेसरचा वापर अवघा बारा टक्के दिसत होता. कार्यालयातील एकाने त्यावरून निष्कर्ष काढला होता की, संगणक रिकामाच बसला आहे, मग दोष माणसाचा असणार. परंतु त्या प्रोसेसरमध्ये आठ गाभे होते आणि आठातील एक पूर्ण राबला की सरासरी साडेबारा टक्केच भरते. आरेखनाच्या सॉफ्टवेअरची अनेक कामे एका वेळी एकाच गाभ्यावर चालतात. बँकेत आठ खिडक्या असाव्यात, सात रोखपाल रिकामे बसलेले असावेत आणि सारी रांग एकाच खिडकीपुढे लागलेली असावी, तशी ही स्थिती. अशा वेळी आणखी आठ खिडक्या उघडून रांग हलत नाही. त्या एका खिडकीवरचा माणूस चपळ असावा लागतो. दरपत्रकातील महागडे यंत्र सोळा गाभ्यांचे होते. एका गाभ्याच्या वेगात मात्र ते जुन्याहून फारसे पुढे नव्हते. सव्वादोन लाख रुपये रिकाम्या खिडक्यांसाठी मोजले जाणार होते.

लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचे दोन संच होते आणि सॉफ्टवेअर साध्या, कमी ताकदीच्या संचावर चालत होते. एका पर्यायात बदल करून ते दुसऱ्यावर आणले. वीज गेली की बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉप स्वतःहून वेग उतरवी, म्हणून तो इन्व्हर्टरच्या जोडणीवर आणला. अँटिव्हायरस आरेखनाची प्रत्येक छोटी फाइल दरवेळी तपासत होता. तो बंद करणे धोक्याचे, म्हणून कार्यालयाच्या संगणक विभागाला सांगून केवळ प्रकल्पाच्या फोल्डरपुरती सवलत घेतली. आणि जेव्हा लॅपटॉपचे मागचे झाकण उघडले, तेव्हा पंख्यात पिवळसर धुळीचा थर सापडला. खाली हळदीचे गोदाम आणि वर खोली. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पंखा तुंबला की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच आपली गती कमी करतो. यंत्र आपल्या परीने संयम पाळत होते. त्याला आळशी ठरवले जात होते.

सफाई झाली, रॅम सोळा गिगाबाइटवरून बत्तीस केली आणि खर्च काही हजारांत आटोपला. रॅमची वाढ मात्र खरोखरीच गरजेची होती. मोठे आरेखन उघडले असता स्मृती भरून संगणक डिस्कचा आधार घेत असल्याचे मोजमापात स्पष्ट दिसले होते. म्हणजे ‘काहीच घेऊ नये’ असा काही या शोधाचा निष्कर्ष नव्हता. जे घ्यायचे ते मोजून घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ. पुण्यातील संगणकावर दुरून काम सुरू झाल्यावर सकाळचे नऊ मिनिटांचे उघडणे पाऊण मिनिटावर आले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. आदळतपासणी आता तो रोज संध्याकाळी चालवू लागला आणि पहिल्याच आठवड्यात तिने आणखी चार ठिकाणच्या टकरी दाखवल्या. त्या चारही पडद्यावरच मिटल्या.

जैन घरात वाढलेल्या वाचकाला या शोधयात्रेतील क्रम ओळखीचा वाटेल. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राचा आरंभ सम्यग्दर्शन, सम्यग्ज्ञान आणि सम्यक्चारित्र या रत्नत्रयाने होतो. मोक्षमार्गाची ती महान त्रयी संगणकाच्या दुरुस्तीला जोडणे कोणाला धाडसाचे वाटेल. परंतु शास्त्रातील क्रम व्यवहारातही खरा ठरतो. ‘दर्शना’आधी ‘चारित्र’ आले, म्हणजे पाहण्यापूर्वी कृती झाली की दरपत्रके मागवली जातात, कर्जे काढली जातात आणि दुखणे मात्र जागच्या जागी राहते. आधी स्थिती जशी आहे तशी पाहणे, मग तिचे कारण जाणणे आणि मग हात चालवणे, हा क्रम उलटला की खर्च वाढतो.

अनेकांताची आठवणही येथे सहज होते. सॉफ्टवेअर विकणारा म्हणतो, यंत्र जुने आहे. यंत्र विकणारा म्हणतो, जोडणी संथ आहे. जोडणी देणारा म्हणतो, सॉफ्टवेअर अवजड आहे. कार्यालय म्हणते, माणूस संथ आहे. हत्तीला चाचपणाऱ्या आंधळ्यांप्रमाणे प्रत्येकाच्या हाती सत्याचा एक अंश असतो. हिंगोलीच्या त्या घरातही संथपणाचे कारण एक नव्हते. वाट, संदर्भ, पंप, पसारा, निर्देशांक, ऊर्जाबचत आणि धूळ अशी सात-आठ कारणे एकमेकांत मिसळली होती. प्रत्येकाचा हिस्सा वेगळा मोजल्यावरच कोणते मोठे आणि कोणते लहान, ते कळले. अनेकांत म्हणजे सर्वांचेच बरोबर म्हणून स्वस्थ बसणे नव्हे. कोणत्या अपेक्षेने कोणाचे किती बरोबर, हे तपासण्याचे कष्ट त्यात अभिप्रेत आहेत.

आणि परिग्रह-परिमाण? त्या व्रताचा विचार बहुधा सोने, जमीन, वस्त्रे यांच्या संदर्भात होतो. संगणकातील साठ्याला वजन नसते, म्हणून त्याचा परिग्रह जाणवत नाही. ऑटोकॅड १९८२ मध्ये प्रथम आले, तेव्हा वैयक्तिक संगणकाची स्मृती किलोबाइटमध्ये मोजली जाई. त्या काळी आरेखनातील प्रत्येक रेषेचा हिशेब ठेवावा लागे. आज गिगाबाइट स्वस्त झाले आणि ‘असू द्या, कधीतरी उपयोगी पडेल’ ही वृत्ती बळावली. पंपातील बेअरिंगच्या गोळ्या, तीन प्रकल्पांपूर्वीचे थर आणि कधीच न उघडलेले संदर्भ याच वृत्तीने साठतात. ते जागा फारशी व्यापत नाहीत, पण लक्ष व्यापतात. संगणकाचेही आणि माणसाचेही.

त्याग करतानाही शास्त्राने यत्नाचार सांगितला आहे. मुनींच्या पाच समितींमध्ये आदान-निक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून उचलावी व ठेवावी. आरेखनातील पसारा काढणाऱ्याने हेच ध्यानी धरावे. प्रत काढून ठेवावी, एक गोष्ट उचलावी, परिणाम पाहावा आणि मगच दुसरीला हात लावावा. एका आज्ञेत सारे स्वच्छ करण्याचे आश्वासन देणाऱ्या जादुई सॉफ्टवेअरपासून चार हात दूर राहावे.

घरोघरी आज कोणी ना कोणी संगणकावर पोट भरत आहे. कोणी हिशेब लिहितो, कोणी घरांचे नकाशे काढतो, कोणी नळ्यांचे. त्या घरांतील वडीलधाऱ्यांना त्या कामातले तांत्रिक बारकावे ठाऊक असण्याची गरज नाही. मुलगा किंवा मुलगी नव्या यंत्रासाठी पैसे मागू लागली, तर नकार देण्यापूर्वी किंवा खिशात हात घालण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा. उशीर नेमका कोठे होतो, ते मोजले आहे का? मोजले असेल आणि यंत्रच अपुरे ठरले असेल, तर पैसे आनंदाने द्यावेत. मोजले नसेल, तर एक कोरी वही आणि एक घड्याळ द्यावे. महिनाअखेरीस त्या वहीत काय लिहिले गेले, तेही आवर्जून पाहावे. निदान हे एकदा करून संपत नाही. पसारा पुन्हा साचतो आणि धूळही पुन्हा बसते. दर महिन्याला एक दिवस झाडलोटीचा ठरवून टाकला, तर आदळतपासणीसाठी वेळ कोठून आणायचा, हा प्रश्न त्या घरात पुन्हा उद्भवणार नाही.